दुसऱ्या दुकानाचं दार

मंडळी, मी कवी माणूस. ताळेबंद वाचणं हा माझा धंदा नव्हे. अर्थशास्त्राशी माझी गाठ बी.ए.पर्यंत पडली, तीही लांबूनच. पण पाट्या वाचायची सवय मला धाटावनं लावली. रोहा-कोलाड रस्त्यानं जाता-येताना कारखान्यांच्या फाटकांवरची नावं मी वर्षानुवर्षं वाचत आलो आहे. चिमणी तीच असते, पाळीला येणारी माणसं तीच असतात, आणि एके दिवशी फाटकावरचं नाव मात्र नवं असतं.

आमच्या वसाहतीत रंगद्रव्यं तयार करणारे दोन मोठे कारखाने शेजारी नांदत होते. एक पुण्याच्या सुदर्शन केमिकलचा, दुसरा क्लॅरियंटचा. २०२२ मध्ये क्लॅरियंटचा रंगद्रव्यांचा जगभरचा धंदा जर्मनीच्या ह्यूबाखकडे गेला आणि इथली पाटी बदलली. २०२४ मध्ये ह्यूबाखचंच जर्मनीत दिवाळं वाजलं. मार्च २०२५ मध्ये सुदर्शननं तो धंदा विकत घेतला आणि कालचे दोन प्रतिस्पर्धी एका छत्राखाली आले. अशा वेळी चहाच्या टपरीवर दोन प्रश्न हमखास निघतात. कामगार विचारतो, नोकरी राहील का? चार शेअर बाळगणारा विचारतो, भाव काय येईल? तिसरा प्रश्न मात्र सहसा कुणी काढत नाही. गिऱ्हाइकाचं काय?

रंगद्रव्यं विकत घेणारे मोठे कारखानदार असतात, ते आपलं पाहून घेतात. पण जिथं गिऱ्हाईक म्हणजे तुमच्या-माझ्यासारखा माणूस असतो, खिशात पाचशेची नोट आणि हाताशी पोर, तिथं दोन दुकानं एक झाली तर काय होतं? आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

सुरुवात रोह्यापासूनच करतो. चिंतामणराव देशमुख आमच्या रोह्याचे. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, पण घराणं रोह्याचं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री, आणि संस्कृतात कविता करणारा माणूस. १९५६ चा कंपनी कायदा त्यांच्याच कारकिर्दीत झाला. दोन कंपन्यांना एक व्हायचं असेल तर भागधारकांची सभा बोलवा, धनकोंची सभा बोलवा, मग न्यायालयाची मंजुरी घ्या, अशी वाट त्या कायद्यानं आखून दिली. ज्यांना विचारायचं त्या यादीत मालक होता, सावकार होता. गिऱ्हाईक नव्हतं.

पण त्याच वर्षी याच अर्थमंत्र्यांनी दुसरं एक मोठं काम केलं. १९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विमा सरकारच्या ताब्यात घेत असल्याची घोषणा त्यांनी रेडिओवरून केली. त्या वर्षीच्या १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झालं आणि देशातल्या २४५ विमा कंपन्या व सोसायट्या त्यात मिसळून गेल्या. दोनशे पंचेचाळीस दारांचं एकच दार झालं. गिऱ्हाइकाची निवड संपली, हे खरं. पण बदल्यात कायद्यानं त्याला एक गोष्ट दिली. पॉलिसीच्या रकमेला केंद्र सरकारची हमी. २००० साली खासगी कंपन्यांना पुन्हा वाट मोकळी झाली, तोवर चव्वेचाळीस वर्षं हा सौदा चालला. तो चांगला की वाईट यावर वाद घाला, पण विलीन होताना विमेदाराच्या पदरात काय पडणार हे लिहून ठेवलं होतं, एवढं मान्य करावं लागेल. पुढं बाजारात जी विलीनीकरणं झाली, त्यांत हे कलम शोधून सापडत नाही.

आता जरा दूर जाऊ, कारण हा प्रश्न सगळ्यात स्वच्छ दिसतो तो पोरांच्या व्हिडीओ गेमच्या दुकानांत. माझा एक भाचा न्यू जर्सीत वाढला. पंचवीस वर्षांपूर्वी तो सुट्टीत इथं आला की सांगायचा, मामू, तिथं गेम खेळून झाला की दुकानात परत द्यायचा, त्याचे पैसे वळते करून नवा घ्यायचा. एका दुकानानं कमी भाव सांगितला की समोरच्या दुकानात जायचं. दहा वर्षांच्या पोराला बाजार कळला होता. मला तो पन्नाशीत कळतो आहे.

अमेरिकेत या दुकानांचा इतिहास म्हणजे एकानं दुसऱ्याला गिळण्याचा इतिहास आहे. १९८४ च्या सुमारास डल्लासला बॅबेजेस नावाचं दुकान निघालं. गणकयंत्राची कल्पना मांडणाऱ्या चार्ल्स बॅबेजवरून हे नाव. १९९४ मध्ये त्यानं दुसऱ्या एका साखळीशी लग्न लावलं आणि दोन वर्षांत दोघांचंही दिवाळं निघालं. उरलेला धंदा पुस्तकविक्रीतल्या एका बड्या माणसानं घेतला. २००० मध्ये फंकोलँड ही जुन्या गेमांची साखळी त्यात आली आणि या सगळ्या गोतावळ्याला गेमस्टॉप हे नाव मिळालं. २००५ मध्ये गेमस्टॉपनं आपला सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी, ईबी गेम्स, सुमारे १४४ कोटी डॉलरना विकत घेतला. चार हजारांहून अधिक दुकानं एका मालकाची झाली.

इथं एक बारकावा ध्यानात घ्या. गेमच्या दुकानात गिऱ्हाईक फक्त घेणारा नसतो, विकणाराही असतो. नव्या गेमची किंमत बहुधा कंपनीनंच ठरवलेली असते. ती दुकानं एक झाल्यानं लगेच वाढत नाही. त्यामुळं वरवर पाहणारा म्हणतो, बघा, काही बिघडलं नाही. पण पोरगा जुना गेम घेऊन आला तर त्याला किती द्यायचे, आणि तोच गेम दुसऱ्या पोराला कितीला विकायचा, हे दुकानदार ठरवतो. समोर दुसरं दुकान असेल तर त्याचा हात जरा सैल राहतो. ते दुकानही त्याचंच झालं, तर कशाला राहील? नुकसान होतं ते असं, मोडीच्या भावात. ज्यानं सोनाराकडे जुना दागिना मोडला आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

ब्रिटनमध्ये २००७ साली गेम या साखळीनं गेमस्टेशन ही साखळी ७ कोटी ४० लाख पौंडांना घेतली. तिथल्या स्पर्धा आयोगानं चौकशी केली, जुन्या गेमांच्या बाजाराचाही विचार केला, आणि जानेवारी २००८ मध्ये परवानगी दिली. सुपरमार्केटं आहेत, इंटरनेटवरची दुकानं आहेत, गिऱ्हाइकाला दुसरी दारं आहेत, असा त्याचा सूर होता. ते खरंही ठरलं, पण भलत्याच रीतीनं. त्या दुसऱ्या दारांनीच या साखळीला घेरलं. मार्च २०१२ मध्ये कंपनी कोसळली, २७७ दुकानं बंद झाली, दोन हजारांवर माणसं घरी गेली. ज्यांच्याकडे भेटकार्डं आणि साठवलेले गुण होते, त्यांना ते वापरणं तूर्त बंद असल्याचं सांगण्यात आलं. दुकान मोठं असलं म्हणजे गिऱ्हाइकाचा पैसा सुरक्षित असतो, हा समज तेव्हा फुटला.

आपल्याकडे व्हिडीओ गेमच्या दुकानांच्या एवढ्या मोठ्या साखळ्या कधी झाल्याच नाहीत. तालुक्याच्या गावात गेम म्हणजे एक अंधारी खोली, दोन पडदे आणि अर्ध्या तासाचे ठरलेले पैसे. पण करमणुकीचं दुकान म्हटलं तर आपल्याकडे सगळ्यात मोठं दुकान सिनेमाचं. तिथं नेमकी हीच गोष्ट घडली, आणि तिचे बरेचसे अंक मुंबई-पुण्यात रंगले.

आमच्या लहानपणी ईदच्या दिवशी ईदीचे पैसे खिशात घालून आम्ही पोरं टॉकीजवर जायचो. एका गावात एक टॉकीज, एका टॉकीजचा एक मालक, आणि त्या मालकाला वाटेत गाठून शिव्या घालण्याची सोय. बहुपडदा चित्रपटगृहं आली ती १९९७ मध्ये, दिल्लीच्या साकेतमध्ये. पीव्हीआर हे नाव तिथलंच, ‘प्रिया’ चित्रपटगृहाचे मालक आणि ऑस्ट्रेलियाची व्हिलेज रोडशो कंपनी यांच्या भागीदारीतून निघालेलं. महाराष्ट्र सरकारनं २००१ मध्ये अशा चित्रपटगृहांना सुरुवातीच्या वर्षांत करमणूक कराची सवलत दिली आणि इथं रीघ लागली. २००२ मध्ये आयनॉक्सनं आपलं पहिलं चित्रपटगृह पुण्यात काढलं. २००४ पासून गोव्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीच्या आयनॉक्समध्ये भरू लागला. मुंबईत अ‍ॅडलॅब्ज, फेम, सिनेमॅक्स अशी नावं झळकली. चांगल्या खुर्च्या, स्वच्छ आवाज, बाईमाणसाला निर्धास्तपणे जाता येईल अशी जागा. प्रेक्षकाला हे हवंच होतं आणि त्यानं आनंदानं जास्त पैसे मोजले.

मग पाट्या बदलू लागल्या. वडाळ्याचा तो मोठा घुमट आठवा. २००१ मध्ये तो अ‍ॅडलॅब्जचा होता. २००५ मध्ये अ‍ॅडलॅब्ज अनिल अंबानींच्या समूहाकडे गेली आणि तिथं ‘बिग’ आलं. २०१४ च्या अखेरीस ‘बिग’ची चित्रपटगृहं कार्निव्हलनं घेतली. पुढं कार्निव्हलच अडचणीत आली आणि घुमट मिराजकडे गेला. वीस-बावीस वर्षांत एका इमारतीनं चार नावं पाहिली. दरम्यान २०१० मध्ये आयनॉक्सनं फेम घेतली, २०१२ मध्ये पीव्हीआरनं सिनेमॅक्स घेतली. ओढ्यानाल्यांचे दोन प्रवाह झाले, आणि २७ मार्च २०२२ रोजी त्या दोन प्रवाहांनीही संगमाची घोषणा केली.

त्या दिवशीचे आकडे बघा. पीव्हीआरचे ८७१ पडदे ७३ शहरांत, आयनॉक्सचे ६७५ पडदे ७२ शहरांत. दोन्ही मिळून १५४६ पडदे, १०९ शहरांत. वर्तमानपत्रांनी १५४६ हा आकडा मोठ्या टायपात छापला. माझ्यासारख्या गणितात कच्च्या माणसाचं लक्ष दुसरीकडे गेलं. ७३ आणि ७२ म्हणजे १४५ होतात. मग शहरं १०९ कशी? कारण ३६ शहरांत हे दोघंही होते. त्या ३६ शहरांत प्रेक्षक एकाकडून उठून दुसऱ्याकडे जाऊ शकत होता. उरलेल्या ७३ शहरांत फारसं काही बदललं नाही. बदल झाला तो या छत्तीसांत. विलीनीकरणाची खरी मोजणी बेरजेनं नव्हे, अशी वजाबाकीनं करावी लागते.

आता तुम्ही म्हणाल, हे बघायला सरकार नाही का? आहे. त्याचीही गोष्ट ऐकण्याजोगी आहे. १९६९ च्या मक्तेदारीविरोधी कायद्यानुसार मोठ्या घराण्यांना विलीनीकरणासाठी सरकारची परवानगी लागे. १९९१ मध्ये ती अट गेली. २००२ मध्ये नवा स्पर्धा कायदा झाला, पण विलीनीकरणावर देखरेख करणारी त्याची कलमं अमलात आली १ जून २०११ पासून. मधली वीस वर्षं या बाबतीत वेशीवर पहारेकरीच नव्हता.

पहारेकरी आला आणि त्यानं चांगलं कामही केलं. पीव्हीआरनं २०१५ मध्ये दिल्ली परिसरातली डीटी ही साखळी ५०० कोटींना घ्यायचं ठरवलं. स्पर्धा आयोगानं देशभराचा हिशेब न करता दक्षिण दिल्ली, नोएडा, गुडगाव असा वस्तीवार विचार केला. सिनेमाला माणूस किती लांब जाईल, हाच तिथला प्रश्न. शेवटी २०१६ मध्ये परवानगी मिळाली ती दक्षिण दिल्लीतली दोन चित्रपटगृहं व्यवहारातून वगळल्यावर. किंमतही ४३३ कोटींवर आली. मला वाटतं, या विषयातला हा सगळ्यात शहाणा निवाडा आहे. दुकान किती मोठं झालं यापेक्षा अमुक गल्लीतल्या माणसाला दुसरं दुकान उरलं का, हे त्यात बघितलं गेलं.

मग २०२२ मध्ये, देशातल्या सगळ्यात मोठ्या दोन साखळ्या एक होताना काय झालं? आयोगाकडे जावंच लागलं नाही. ज्या कंपनीची उलाढाल १००० कोटींच्या आत, तिच्या खरेदीला परवानगी लागत नसे. करोनाच्या काळात चित्रपटगृहांना कुलपं होती, उलाढाल आटली होती, आणि आयनॉक्स त्या रेषेखाली बसली. टाळेबंदीनं प्रेक्षकाला दारात अडवलं आणि विलीनीकरणाला दार उघडून दिलं. कायदा मोडला गेला नाही; कायद्याच्या मापात हे बसलं. जयपूरच्या कट्स या ग्राहक संस्थेनं आयोगाकडे तक्रार केली. पुढं नुकसान होईल या नुसत्या भीतीवर चौकशी करता येत नाही, असं सांगून आयोगानं ती सप्टेंबर २०२२ मध्ये फेटाळली. २०२३ मध्ये अपिलातही तेच झालं. मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणानं १२ जानेवारी २०२३ ला मंजुरी दिली आणि ६ फेब्रुवारीपासून पीव्हीआर आयनॉक्स ही एकच कंपनी झाली.

त्या मंजुरीच्या नऊच दिवस आधी, ३ जानेवारी २०२३ ला, सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. चित्रपटगृहात बाहेरचे खाद्यपदार्थ आणू द्यायचे की नाही, हा वाद आपल्याकडेही २०१८ मध्ये विधिमंडळापासून उच्च न्यायालयापर्यंत गाजला होता. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मालकाला मनाई करता येईल. मात्र पिण्याचं पाणी फुकट द्यावं लागेल आणि तान्ह्या बाळाचं खाणं वाजवी प्रमाणात आणू द्यावं लागेल. आतले पदार्थ घ्यायचे की नाही, ही प्रेक्षकाची मर्जी. तत्त्व म्हणून हे पटण्यासारखं आहे. पण मर्जी या शब्दाला वजन येतं ते जायला दुसरी जागा असेल तेव्हाच. एक दालन मर्जीचं महत्त्व सांगत होतं आणि दुसऱ्या दालनात छत्तीस शहरांतली मर्जी आक्रसत होती. दोघांचीही एकमेकांशी गाठ नव्हती.

न्यायाला धरून दुसरी बाजूही सांगतो. पीव्हीआर-आयनॉक्स एक झाल्याबरोबर तिकिटं दुप्पट झाली, असं काही घडलं नाही. उलट ऑक्टोबर २०२३ मध्ये कंपनीनं महिन्याला ६९९ रुपयांत, सोमवार ते गुरुवार, दहा सिनेमांची योजना काढली. घरोघरी मोबाईलवर सिनेमा पोहोचला असताना एकट्यानं तग धरणं कठीण होतं, हा कंपनीचा युक्तिवादही खोटा नाही. मे २०२३ मध्ये तिनं तोट्यातले पन्नास पडदे बंद करण्याचं जाहीर केलं. आणि २३ सप्टेंबर २०२२ ला, राष्ट्रीय चित्रपट दिनी, देशभरच्या बहुपडदा चित्रपटगृहांनी ७५ रुपयांत तिकीट दिलं तेव्हा एका दिवसात पासष्ट लाखांवर लोक आले. माणसाला सिनेमा नको झालेला नाही, त्याला भाव परवडत नाही, हे त्या एका दिवसानं सांगितलं.

पण मराठी माणसाचा एक प्रश्न यात वेगळा आहे. २०१५ मध्ये मराठी सिनेमाला चांगल्या वेळेचा खेळ मिळावा म्हणून राज्य सरकारला नियमाची भाषा करावी लागली. संध्याकाळच्या वेळेवरून वाद पेटला आणि दुपारी १२ ते रात्री ९ या दरम्यान, अशी तडजोड झाली. छोट्या मराठी सिनेमाच्या निर्मात्याला एका साखळीनं सकाळी नऊचा खेळ दिला तर तो दुसऱ्या साखळीकडे जाऊन म्हणू शकत होता, तुम्ही सहाचा द्या. आता दोन्ही कचेऱ्यांचा टेबल एक. तिथं ‘नाही’ ऐकल्यावर मोठ्या शहरात फारशी दारं उरत नाहीत. सकाळी नऊला कारखान्यातला माणूस पाळीवर असतो, बाई डबा भरत असते. मग चार लोक येतात, आणि चारच लोक आले म्हणून सिनेमा उतरतो. मी कवी आहे, मला हे ओळखीचं वाटतं. कविसंमेलनात पहाटे तीनला नाव पुकारायचं आणि म्हणायचं, श्रोते नाहीत.

धाटावच्या माणसाला या सगळ्याचं काय? मोठ्या पडद्यावर सिनेमा बघायचा तर आम्ही पनवेलकडे तोंड करतो. जाण्यायेण्याचा खर्च तिकिटाहून जड. आम्हाला छत्तीस शहरांतली निवड नव्हतीच कधी. पण शहरात दोन दुकानांची चुरस असते तेव्हा त्यांतलं एखादं नव्या गिऱ्हाइकाच्या शोधात लहान गावाकडे वळतं. चुरस संपली की ते शोध घेत बसत नाही, आहे त्या गिऱ्हाइकाकडूनच जास्त वसूल करतं. लहान गावाचं नुकसान असं असतं. जे आलंच नाही त्याची तक्रार कुठं नोंदवणार?

कायदा थोडा शहाणा झाला आहे. १० सप्टेंबर २०२४ पासून केवळ उलाढालीवर न जाता, व्यवहार २००० कोटींच्या वरचा असेल आणि कंपनीचा इथं बऱ्यापैकी धंदा असेल, तर आयोगाकडे जावंच लागतं. ही सुधारणा चांगली. पण आकड्यांच्या चाळणीतून निसटणारं काही ना काही राहणारच. म्हणून विलीनीकरणाच्या प्रत्येक अर्जासोबत एक साधा कागद जोडायला लावावा: कोणत्या गावात आज दोन दुकानं आहेत आणि उद्या एकच उरणार? त्या गावच्या वर्तमानपत्रात तो छापावा. घर विकताना हरकतींची जाहीर नोटीस देतात, तशी ही गिऱ्हाइकांची नोटीस.

आणि थोडं आपल्या हातातही आहे. महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली तेव्हा शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट केले, महिन्याचं सामान एकत्र मागवलं आणि आपसांत वाटून घेतलं. दुकानदारानं दुसरं दार उघडलं नाही, तेव्हा गिऱ्हाइकानं स्वतःच ते बसवलं. सिनेमातही १९६८ पासून मुंबईत प्रभात चित्र मंडळानं तेच केलं. जे टॉकीजवाले लावत नव्हते ते सभासदांनी वर्गणी काढून पाहिलं. आमच्या तालुक्याला सभागृह आहे, पडदा टांगता येतो, शनिवारी संध्याकाळी पाळी सुटलेली माणसं असतात. चांगला मराठी सिनेमा महिन्यातून एकदा, रीतसर परवानगी घेऊन, वाजवी वर्गणीत दाखवायला कुठल्या कंपनीची वाट पाहायची गरज नाही. पंचवीस घरं तयार झाली तर सुरुवात होते. रोह्यात अशी घरं मोजायला मी घेतली आहेत. कालपर्यंत अकरा झाली.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)